शकुंतलेचा ठेका : वऱ्हाडातील पाच दिवस

आम्ही चौघे रेल्वेवेडे आहोत. भुसावळचे निवृत्त गार्ड, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, बँकेत नोकरी करणारी आणि माहेरची आर्वीची असलेली ताई, नागपूरचा एक तरुण अभियंता, आणि मी. वर्षातून एकदा आम्ही एखादा लोहमार्ग ठरवतो आणि चार-पाच दिवस त्याच्या काठाकाठाने फिरतो. या जानेवारीत विदर्भातील नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांचे मार्ग, आणि त्यांतही लोक जिला ‘शकुंतला’ म्हणत त्या छोट्या गाडीचे मार्ग पाहायचे ठरले. यांपैकी आता एकावरही गाडी धावत नाही. तरीही ज्या गावांमधून ती धावत होती, तिथे तिच्याविषयी काय उरले आहे, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते. परतल्यावर दोन आठवड्यांनी वहीतील टिपणे समोर ठेवून हे लिहीत आहे.

दिवस पहिला : नागपूर

आरक्षणे वेळेवर झाली आणि गाड्याही वेळेवर आल्या, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. सकाळी कडाक्याची थंडी होती. इतवारीतल्या एका टपरीवर तर्री-पोहे खाऊन आम्ही कडबी चौकाजवळच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय २००२ साली सुरू झाले. नागपूर–नागभीड ही नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, कामासाठी बंद झाली, त्यामुळे नागपूरच्या नव्या पिढीला छोटी गाडी आता इथेच भेटते. जाण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि शक्यतो सकाळी जावे, कारण उघड्यावरील इंजिनांवर तेव्हा तिरपे ऊन असते आणि छायाचित्रे चांगली येतात.

दुपारी बागेतल्या बाकावर बसलो असताना आमच्यात नेहमीचा वाद सुरू झाला. प्रवासात आमची चर्चा दोनच विषयांवर होते, खेळ आणि आगगाडीची गाणी. काकांचा अभिमान रेल्वेच्या रणजी संघावर. त्या संघाने २००१-०२ मध्ये बडोद्याला आणि २००४-०५ मध्ये पंजाबला हरवून करंडक जिंकला, हे ते आजही अगदी कालचा सामना असल्यासारखे सांगतात. अभियंता जामठ्याचा, म्हणजे विदर्भ संघाच्या मैदानाकडचा. त्याच्याकडे विदर्भाची तीन विजेतेपदे आहेत : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने दिल्लीविरुद्ध घेतलेली हॅटट्रिक तो चेंडूचेंडू सांगतो. पॅरिसमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे हा तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता, हे काकांचे शेवटचे अस्त्र होते, आणि त्यावर कोणालाच उत्तर सुचले नाही.

गाण्यांची यादी करण्याची पद्धत ताईने शोधून काढली होती, आणि ती मला फार आवडली. तिने गाणी रुळांच्या मापानुसार, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरानुसार, लावली होती. ‘आराधना’तले (१९६९) ‘मेरे सपनों की रानी’ हे दार्जिलिंगच्या गाडीचे, म्हणजे ६१० मिलिमीटरचे. ‘दिल से’मधले (१९९८) ‘छैय्या छैय्या’ निलगिरीच्या गाडीच्या टपावरचे, म्हणजे १००० मिलिमीटरचे. ‘सोलवाँ साल’मधले (१९५८) ‘है अपना दिल तो आवारा’ मुंबईच्या लोकलचे, म्हणजे १६७६ मिलिमीटरचे. अभियंत्याने त्यात ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ या अमेरिकी गाण्याची भर घातली. शिकागोहून न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या त्याच नावाच्या गाडीवर स्टीव्ह गुडमनने ते लिहिले आणि आर्लो गथ्रीच्या आवाजात १९७२ साली ते घरोघरी पोहोचले. प्रवासी रेल्वे हळूहळू संपत चालली असताना तिच्यावर लिहिलेले ते प्रेमाचे गाणे आहे. ते ऐकवून झाल्यावर ताईने विचारले, “मग आमच्या ७६२ मिलिमीटरच्या शकुंतलेचं गाणं कोणतं?”

आमच्यापैकी कोणालाही एकही गाणे आठवेना. पुढचे चार दिवस हा प्रश्न आमच्याबरोबर फिरला.

दिवस दुसरा : पुलगाव, आर्वी

शकुंतला म्हणजे एक गाडी नव्हे. मूर्तिजापूर–यवतमाळ, मूर्तिजापूर–अचलपूर आणि पुलगाव–आर्वी अशा तीन शाखा होत्या. त्यांची एकूण लांबी सुमारे २२५ किलोमीटर असून त्यात आर्वीचा वाटा केवळ ३५ किलोमीटरचा होता. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणि तिथून मुंबई बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हे मार्ग बांधले गेले. किलिक-निक्सन ही ब्रिटिश कंपनी त्यांची मालक होती आणि देशातील बाकीची रेल्वे राष्ट्रीय झाल्यावरही मालकी तशीच खासगी राहिली. त्यामुळे रूळ कंपनीचे आणि गाडी चालवणारे कर्मचारी भारतीय रेल्वेचे अशी व्यवस्था पुढे कित्येक दशके चालली.

पुलगावला दारूगोळ्याचे मोठे लष्करी कोठार आहे, त्यामुळे गावाच्या परिसरात कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी विचारपूस करावी. आम्ही कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि आर्वीची एसटी धरली. दोन्ही बाजूंना कापसाची दुसरी-तिसरी वेचणी चालू होती, तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या होत्या, आणि मध्येच झाडोऱ्यात जुन्या मार्गाचा भराव दिसे आणि पुन्हा लपून जाई.

ताईच्या मावशीच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे फोडून त्यात तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पत्रावळीत वाढलेला रोडगा हाताने चुरला की जो धूरकट वास येतो, तो मला अजूनही आठवतो. विदर्भात हिवाळ्यात जाणाऱ्याने हे जेवण चुकवू नये. मात्र ते हॉटेलात शोधण्यापेक्षा कोणाच्या तरी शेतावर ओळख काढावी.

मावशीच्या सासूबाईंना गाडीविषयी विचारले तेव्हा त्या प्रथम हसल्या. “काय सांगू बाप्पा, ते गाडी म्हंजे आमच्या अंगनातलीच होती,” असे म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कोणी आग्रह न करता जात्यावरची एक ओवी म्हटली. सासरी असलेल्या बहिणीला न्यायला भाऊ आगीनगाडीने येतो, आणि गाडीची शिटी ऐकून ती जाते सोडून दाराशी येते, असा तिचा अर्थ होता. त्यांचा आवाज कापत होता, पण ओवीचा ताल एकदाही चुकला नाही. ग. दि. माडगूळकरांच्या ‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’मध्ये लहान मूल मामाच्या गावाला निघते आणि या ओवीत मामा स्वतः बहिणीला न्यायला येतो. प्रवास तोच आहे, फक्त इथे तो दाराशी वाट पाहणाऱ्या बाईच्या बाजूने सांगितला आहे. ताईने डोळे पुसले. काका मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते.

दिवस तिसरा : धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, अमरावती

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि त्याने वाटेतल्या गावांची नावेच बदलली. धामणगाव रेल्वे आणि चांदूर रेल्वे ही तालुक्याची अधिकृत नावे आहेत. चांदूर बाजार वेगळे आणि चांदूर रेल्वे वेगळे, हे बाहेरच्या माणसाने तिकीट काढताना ध्यानात ठेवावे. आमच्या डब्यातील एका वृद्ध जोडप्याची याच नावांमुळे फसगत झाली होती. त्यांना चांदूर बाजारला लग्नाला जायचे होते. त्यांना अमरावतीहून एसटी कुठे मिळेल हे काकांनी कागदावर लिहून दिले.

धामणगाव तालुक्यातले तळेगाव दशासर शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, प्रसिद्ध आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून पटाच्या जोड्या पुन्हा उघडपणे तयार होऊ लागल्या आहेत. फलाटावर भेटलेल्या एका धुरकऱ्याने आम्हाला आपल्या बैलांची छायाचित्रे दाखवली. त्यांची पेंड, त्यांची मालिश आणि सेकंदाचा किती भाग कमी झाला, हे त्याने इतक्या मायेने सांगितले की क्रिकेटचा वाद तेवढ्यापुरता थांबला. आमच्या आवडीविषयी ऐकल्यावर तो म्हणाला, “मंग तुमी बी घड्याय घेऊनच फिरता नं जी!” ते खरेच होते.

काकांचे मोजणे हे त्याच घड्याळाचे होते. जुन्या ब्रॉडगेज मार्गावर एक रूळ सामान्यतः १३ मीटर लांब असतो. रुळांच्या प्रत्येक जोडावर चाक आदळते आणि खटका ऐकू येतो. साधारण ४७ सेकंदांत जितके जोड ओलांडले जातात, तितका गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग असतो. कारण १३ मीटरला ३.६ ने गुणले की ४६.८ येतात. मीटरगेजचा रूळ १२ मीटरांचा, म्हणून तिथे ४३ सेकंद मोजावेत. खिडकीशी बसणाऱ्या कोणालाही हे जमते, मुलांना तर हा खेळ फार आवडतो. मात्र आता मुख्य मार्गांवर रूळ वितळजोडाने सलग केलेले असतात आणि त्यामुळे गाडी जवळजवळ निःशब्द धावते. काका म्हणाले, “गाडीचा ठेका गेला तेव्हाच गाणी कमी झाली.” हे मी पूर्णपणे मानत नाही, पण त्यात काही तथ्य आहे. वाफेच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार झुसकारे निघतात, आणि हे चारचे माप आपल्या कहरव्यात सहज बसते.

अमरावतीत उतरलो तो अवकाळी पावसात. गिला वडा खाऊन, छत्री उधार मागून आम्ही श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात गेलो. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. ओल्या मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले तर मुले मल्लखांबाचा सराव आत हलवत होती. श्वास रोखून “कबड्डी कबड्डी” म्हणत पुढे जाणाऱ्या चढाईपटूचा उच्चारही एक ठेका असतो, हे ताईचे निरीक्षण मला त्या संध्याकाळी नेमके वाटले.

दिवस चौथा : मूर्तिजापूर ते अचलपूर

सहलीतील हाच दिवस मुख्य होता. पाऊस उघडला होता, धुके खाली होते. मूर्तिजापूर स्थानकाच्या एका बाजूला मुंबई–हावडा मार्गावरील गाड्या भरधाव जात होत्या आणि दुसऱ्या बाजूला नॅरोगेजचे अरुंद रूळ गवतात शांत पडले होते. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालले आणि मग डिझेल आले. तेही आता नाही. गाडी नसली तरी ही मोकळी जागा नाही, म्हणून स्थानकाबाहेर छायाचित्रे घेतानाही आसपासच्या कर्मचाऱ्यांना सांगून जावे आणि रुळांवरून भटकू नये. गवतात साप असण्याचीही शक्यता असते.

आम्ही भाड्याची गाडी केली आणि लाखपुरी, बनोसा, लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर या क्रमाने जुनी स्थानके पाहत निघालो. एसटीने जाणार असाल तर दर्यापूरला उतरावे. बनोसा हे दर्यापूरचे जुळे गाव आहे. कापूसतळणी या नावातच या मार्गाचे कारण दडलेले आहे.

या अचलपूर शाखेवर ७६ किलोमीटरला साधारण चार तास लागत असत, म्हणजे ताशी १९ किलोमीटर. या वेगाचे काय होत असे, हे कापूसतळणीच्या पारावर कळले. सत्तरीतले एक शेतकरी बाबा आम्हाला पाहून स्वतःहून आले.

“काय पाह्यता जी?”

“बाबा, शकुंतलेचा मार्ग पाहायला आलो.”

“बसा नं मंग. आता कोठी येते ते. आमी पोट्टे होतो तवा तिच्या संगं पयत जाओ. मयातून निघायचं, फाटकापर्यंत गाडीच्या फुडं ज्याचा पाय तो जितला.”

गावातल्या मुलांची ती शर्यत रोज चाले. कोण पहिला, कोण दुसरा हे गाडीचे गार्ड हात दाखवून सांगत आणि जिंकणाऱ्याला पुढच्या दिवशी गाडीतून एखादे स्थानक फुकट प्रवास घडे. बाबांच्या पिढीतला एक धावपटू पुढे जिल्ह्याच्या शर्यतीत गेला, असे त्यांनी सांगितले. ते ऐकताना गार्ड असलेल्या आमच्या काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग ताईने तिचा प्रश्न विचारला. शकुंतलेचे गाणे आहे का?

बाबा घरात गेले आणि खंजिरी घेऊन आले. ते गावातील भजनी मंडळात होते. तुकडोजी महाराजांमुळे वऱ्हाडात खंजिरीला जी प्रतिष्ठा मिळाली, तिची पुढची पिढी म्हणजे असे लोक. त्यांनी आधी नेहमीचा भजनाचा ठेका वाजवला. मग थांबून म्हणाले, “हे भजन. आता हे गाडी,” आणि हात बदलला. दोन ठोके लागून, मग उसंत, पुन्हा दोन ठोके. मंद, जड, थोडासा लंगडणारा. झांजा एकदाही मोठ्याने वाजल्या नाहीत. डब्याखालच्या चाकांच्या चौकटीला बोगी म्हणतात आणि एका बोगीला दोन आस असतात, त्यामुळे जोडावरून ते दोन खटके लागोपाठ उमटतात, आणि मग पुढचा जोड येईपर्यंत शांतता. बाबांना बोगी आणि आस यांविषयी कोणी शिकवले नव्हते. लहानपणी त्यांनी ते तळपायांनी ऐकले होते.

काकांनी घड्याळ काढले. रूळ १० मीटरांचे धरले तर ताशी १९ किलोमीटरला जवळपास दर दोन सेकंदांनी एक जोड यायला हवा. त्यांनी एक मिनिट मोजले. बाबांच्या खंजिरीत त्या मिनिटात एकतीस वेळा जोड आले होते.

त्या ठेक्यावर शब्द नव्हते. बाबांनीही शब्द जोडले नाहीत. “शबूद बाया म्हन्तात, जात्यावर. आपल्याकडं फक्त हे,” असे म्हणून त्यांनी खंजिरी ताईच्या हातात दिली. आर्वीच्या आजींची ओवी ताईने हळू आवाजात त्यावर म्हणून पाहिली. ती बसली. ओवीच्या चरणाच्या शेवटी जिथे आजी थांबल्या होत्या, तिथे नेमकी उसंत येत होती. पारावर जमलेली मुले काही काळ गप्प उभी राहिली, आणि मग त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले.

पुढे अंजनगावला गाडगेबाबांच्या शेंडगावची पाटी दिसली तशी आम्ही थोडे वळून आलो आणि पानमळ्यांच्या आडोशाने चहा घेतला. इथे पानपिंपळीचे वेल होतात. विकत घ्यायचे असल्यास दुकानापेक्षा मळ्यात विचारावे. अचलपूरला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. स्थानकाची इमारत पाहून आम्ही फार वेळ थांबलो नाही, कारण दिवसभरात जे मिळाले होते त्यानंतर तिथे आणखी काही शोधावेसे वाटले नाही.

दिवस पाचवा : अकोला ते अकोट

अकोला–अकोट मार्ग पूर्वी मीटरगेज होता आणि त्याच मार्गाने पुढे मेळघाटातून खंडव्याला जाता येत असे. धुळघाटाच्या वळणावर हा मार्ग स्वतःवरूनच ओलांडून जात असे. २०१७ च्या सुरुवातीस त्यावरील गाड्या बंद झाल्या आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. साध्या तिकिटाच्या या गाडीत बसायला सकाळी लवकर जावे, कारण गावकऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची गर्दी होते.

आम्ही खिडकीशी बसून काकांच्या घड्याळानुसार ४७ सेकंद मोजत होतो. उगवे गेले, गांधी स्मारक रोड गेले, आणि एकही खटका आला नाही. नवे सलग रूळ, डबा हलका झुलतो, आवाज नाही. समोर बसलेल्या दोन शाळकरी मुलींनी आम्ही काय मोजतो आहोत असे विचारले. ताईने त्यांना शकुंतलेचा ठेका आसनाच्या कडेवर वाजवून दाखवला आणि आजींची ओवी शिकवली. अकोट येईपर्यंत त्यांना ती पाठ झाली होती.

अकोटच्या बाहेर गाडी हळू झाली. स्थानकात शिरताना रुळांचे सांधे येतात आणि तिथे चाकाखाली फट असतेच. खट-खट, उसंत, खट-खट. दोन्ही मुलींनी आमच्याकडे पाहिले, आणि धाकटीने पुन्हा ओवीचा पहिला चरण सुरू केला.